बोट न शिरणारी थप्पी

वास आधी आला, ताडपत्री मागाहून निघाली.

तसं त्या गोदामात वासाचं कुणाला अप्रूप नव्हतं. कच्चं चामडं, सुकी मासळी, खत, रबर, फुटलेल्या डब्यातलं फिनेल, सगळं नाकाखालून गेलेलं. हमाल तर डोळे मिटून, नुसत्या वासावर गाडी कुठून आली ते सांगायचे आणि पैजेचा चहा उकळायचे. पण त्या सकाळचा वास निराळा होता. ओलसर, गोडसर, कोमट. अंड्याचा बलक ओल्या चादरीत बांधून कुणी उशाशी ठेवावा तसा. मास्तरीण दारातच थबकली. रुमाल नाकाशी नेला, आणि कुणी बघेल म्हणून लगेच खाली घेतला.

मास्तरीण हे काही तिचं नाव नव्हे. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ती सहा महिन्यांपूर्वी इथल्या नोंदणी विभागात लागली आणि पहिल्याच आठवड्यात तिने फळ्यावरच्या सूचनेतल्या तीन चुका खडूने दुरुस्त केल्या. त्या दिवसापासून ती मास्तरीण. वडील त्याच गोदामात मुकादम. एकतीस वर्षं त्यांनी खोकी, पोती, पेट्या रचल्या होत्या, आणि त्यांची थप्पी म्हणजे थप्पी. "माझ्या थप्पीत बोट शिरलं तर मिशी उतरवीन," असं ते दर नव्या हमालाला सांगायचे. हमाल खरंच बोटं घालून बघायचे. मिशी शाबूत होती.

आजही थप्पी तशीच होती. सहा खोकी लांबीला, पाच रुंदीला, चार उंचीला. एकशेवीस खोकी, पण लांबून एकच मोठा ठोकळा दिसावा अशी. वरून ताडपत्री, तिला चारी बाजूंनी दोरी. आतून चिवचिवाट येत होता.

"सोडा," मुकादम म्हणाले. दोन हमालांनी दोरी सोडली.

बाहेरच्या खोक्यांत पिल्लं जिवंत होती. एका दिवसाची, पिवळी, चोच उघडी टाकून धापा टाकणारी. एकेका खोक्यात शंभर. पुठ्ठ्याला बाजूंनी रुपयाएवढी भोकं पाडलेली. मग वरचा थर निघाला आणि दुसऱ्या थरातलं मधलं खोकं एका हमालाने उचललं. त्याचा तळ भिजून लोंबत होता. दोन पावलं गेला असेल नसेल, तळ सुटला आणि आतलं सगळं फरशीवर पडलं. पडताना आवाज झाला तो ओल्या फडक्यासारखा. शंभर पिल्लं एकमेकांना चिकटून एकच गोळा झालेली. पिसं भिजून कातडीला बसलेली, त्यामुळे ती पिल्लं दिसतच नव्हती. त्या गोळ्याच्या वर तीन जिवंत होती. खालच्यांवर पाय देऊन उभी, आणि ओरडत.

हमाल बाजूला जाऊन ओकला. कुणी त्याला हसलं नाही.

मास्तरणीने रबरी हातमोजे चढवले आणि मोजायला बसली. मोजणं तिला येत होतं, आणि मोजत असलं की पोटातलं वर येत नाही असा तिचा अनुभव होता. आज तो खोटा ठरला. दोनदा तिला उठून नळावर जावं लागलं. दुपारपर्यंत आकडा तयार झाला: बारा हजारांतली तीन हजार एकशे अठरा मेली. त्यातली चोवीसशे मधल्या चोवीस खोक्यांतली, म्हणजे ज्यांची एकही बाजू थप्पीच्या बाहेर उघडत नव्हती ती. फरशीवरची ती तीनही एव्हाना मेली होती; तिथलं एकही वाचलं नव्हतं. बाहेरच्या कडेला जावं तसतसे आकडे उतरत होते. कोपऱ्यातल्या आठ खोक्यांत मिळून फक्त दोन.

कागदावर काढलं तर इतकं स्वच्छ चित्र तिने प्रयोगशाळेतही कधी पाहिलं नव्हतं. जिवंत अंग उष्णता टाकतं, ओल टाकतं. भोकाला भोक न लागता पुठ्ठ्याला पुठ्ठा लागला की ती जाणार कुठे? आजार असा थर बघून, कोपरे सोडून येत नाही. थप्पीने मारलं होतं.

साहेबांच्या खोलीत पंखा होता आणि दार बंद होतं, तरी वास आत आलेलाच. साहेब चहात बिस्किट बुडवत होते.

"घट किती?" त्यांनी विचारलं.

"तीन हजार एकशे अठरा मेली, साहेब."

"घट म्हणा. शेकडा दोन घट आपल्याला माफ आहे. साखरेत असते, कापसात असते, यातही असते." बिस्किटाचा भिजलेला तुकडा चहात पडला, त्यांनी तो बोटाने काढून तोंडात टाकला. मास्तरणीच्या डोळ्यांपुढे फरशीवरचा गोळा आला. तिने नजर खिडकीकडे वळवली. "आता ही शेकडा सव्वीस झाली. म्हणजे कारण लिहावं लागणार. दोन कारणं आहेत. एक, माल आधीच आजारी होता. उबवणी केंद्राची जबाबदारी, विषय संपला. दोन, मुकादमाचा हलगर्जीपणा. तुमच्या वडिलांना निवृत्तीला राहिले किती महिने? अकरा?"

"दहा."

"बघा. मी काही वाईट माणूस नाही. पहिलं कारण लिहा, खाली सही करा. विज्ञानाची पदवी असलेल्या माणसाची सही असली की कुणी पुढे विचारत नाही."

"साहेब, माझं पदार्थविज्ञान आहे. कोंबड्यांचं नाही."

"विज्ञान आहे ना? झालं तर."

अहवालाचा कोरा कागद घेऊन ती बाहेर आली. त्याच्या एका कोपऱ्याला बिस्किटाचा चुरा चिकटला होता. तिने तो नखाने उडवला आणि नख विजारीला पुसलं.

नोंदणीच्या खिडकीत मावशी बसली होती. मावशी म्हणजे सगळ्यांचीच मावशी. सव्वीस वर्षं आलेल्या मालाची बिल्टी, म्हणजे नोंदीची पावती, तीच फाडायची. आज तिच्या पुढ्यातला डबा तसाच बंद होता.

"मावशी, कालची ती बिल्टी दाखव ना."

मावशीने कागद पुढे सरकवला. त्यावर मास्तरणीनेच केलेला मालाच्या वर्गांचा तक्ता होता, तीन महिन्यांपूर्वी लागू झालेला. मालाचं वर्णन या रकान्यात छापील चौकोन आणि चौकोनात मावशीच्या गोल अक्षरात: माल, वर्ग सात. वर्ग सात म्हणजे हलका, कोरडा, न फुटणारा. थप्पी चालेल. त्याच्या आधी एक अक्षर लिहून खोडलेलं होतं. मास्तरणीने कागद उजेडाकडे धरला. 'पि' होतं.

"पिल्लं लिहायला घेतलं होतंस?"

"घेतलं होतं."

"मग खोडलंस का?"

मावशीने चष्मा काढला. "आता तूच विचारतेस होय? गेल्या महिन्यात मी त्या दुधाच्या पेट्यांवर काय लिहिलं होतं? 'आंबूस वास येतोय, लवकर हलवा.' आणि चार माणसांसमोर तू मला काय म्हणालीस? सांगू?"

सांगायची गरज नव्हती. 'मावशी, हे पत्र नाही, नोंद आहे. वर्णन नको, वर्ग हवा.' चार माणसं हसली होती आणि आपण काहीतरी नीट लावून दिलं या समाधानात मास्तरीण त्या दिवशी दोन घास जास्त जेवली होती.

"आधी मी लिहायचे," मावशी म्हणाली. "'पिल्लं आहेत, वारं लागू द्या.' मुकादम ते वाचायचे आणि खोकी हातभर लांब लांब मांडायचे. वर्षातून दोनदा यायची पिल्लं. कधी दहाच्या वर मेली नाहीत. पण तुझ्या तक्त्यात वाऱ्याला रकानाच कुठे आहे, बाई?"

नव्हता. तक्त्यात तीन प्रश्न होते: किती जड, किती ओलं, फुटेल का. तीन प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरं, म्हणून वर्ग बरोबर आठ. त्या आठ आकड्याचं तिला केवढं कौतुक वाटलं होतं! चौथा प्रश्न घातला असता तर सोळा झाले असते आणि तक्ता पानात मावला नसता.

याची सुरुवात एका शब्दापासून झाली होती. कंपनीला चाळीस वर्षं होणार म्हणून साहेबांनी पुस्तिका काढायचं ठरवलं. "पहिल्या पानावर काहीतरी भारदस्त पाहिजे. माल शब्दाचा अर्थ, उगम, असलं काहीतरी. तुम्ही शिकलेल्या आहात." तिने तीन रविवार वाचनालयात घालवले, आणि खरं सांगायचं तर असे मजेचे रविवार तिच्या वाट्याला क्वचितच आले होते. माल हा अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडे आला, मुळात अर्थ संपत्ती. मालक त्याच्याच पोटातून निघाला असेल असं वाटतं, पण नाही, अरबीत त्याचं मूळ वेगळं. कार्गोच्या मुळाशी जुना लॅटिन गाडा, म्हणजे गाड्यावर लादलेलं ते. आणि आपली खेप संस्कृतातल्या क्षेपाकडे जाते, म्हणजे फेकणं. हमाल पोतं पाठीवरून फेकतात ते बघून तिला वाटायचं, शब्द किती शहाणे असतात.

शेवटी तिने व्याख्या केली. चार वेळा खोडून, पाचव्यांदा पक्की: 'माल म्हणजे ज्याला मालक आहे, वजन आहे आणि जायचं ठिकाण आहे, पण जे स्वतःहून हलत नाही ते.' त्याच व्याख्येवरून तक्ता निघाला. साहेबांनी दोन्ही छापून घेतले. बाबांनी तर पुस्तिकेचं ते पान कापून आपल्या जेवणाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरला दार उघडून दाखवायचे. "वाचा. पोरीने लिहिलंय. एकतीस वर्षं मी उचलतोय काय, ते आता कळलं."

ती गेली तेव्हा बाबा त्या कपाटापाशीच पाटावर बसले होते. हात कोपरापर्यंत धुतलेले, लाल झालेले. ते पुन्हा पुन्हा हात नाकाशी नेत होते आणि तोंड वाकडं करत होते.

"जात नाही गं वास. साबण झाला, राख झाली."

"बाबा, भोकं दिसली नव्हती तुम्हाला?"

"दिसली."

"आणि आवाज?"

"ऐकला. बहिरा आहे का मी? एवढी बारा हजार पोरं ओरडतायत. मी बिल्टी परत परत बघितली. मावशीला विचारलं, वर्ग सातच ना? ती म्हणाली, सातच. म्हटलं, असेल. मास्तरणीने विचार करून लिहिलं असणार. भोकं आहेत म्हणजे आतून वारं जात असणार. आपण आपले आडाणी, मधेच डोकं लावून पोरीचा तक्ता कशाला बिघडवा?"

"तुम्हाला कळत होतं, बाबा! तरी तुम्ही..."

"कळत होतं," ते म्हणाले. "आणि ती थप्पी मी इतकी घट्ट लावली, इतकी घट्ट, तुला सांगतो, तशी आजवर लावली नव्हती. तुझा तक्ता ना." एवढं बोलून ते ओशाळल्यासारखे हसले.

तिला त्या हसण्याची किळस आली. मग त्या किळसेची लाज वाटली, आणि शेवटी किळस होती तिथेच राहिली, फक्त त्या किळसेचं तोंड आता तिच्याकडेच फिरलं. बाबांच्या हातांना येत होता त्याहून वाईट वास आपल्याला येतोय असं तिला वाटलं. घासून न जाणारा, आणि आपला आपल्यालाच.

"मी साहेबांना सांगून आलोय," बाबा म्हणाले. "माझं नाव लावा म्हणून. दहा महिने तर उरलेत. घरी बसेन, तुझ्या आईच्या शिव्या खाईन. तुझी सुरुवात आहे, तुझ्या कागदाला डाग नको."

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, त्याची गरज नाही. आजार लिहिणार आहोत."

तेवढ्यात मावशीने खिडकीतून हाक मारली. फोन होता. उबवणी केंद्राच्या बाई होत्या, आणि त्यांना मोजणारीशीच बोलायचं होतं. फोन साहेबांच्या दाराबाहेरच्या टेबलावर. मास्तरीण पोचली तोवर साहेबही कप घेऊन दारात आले. त्यांनी मान हलवून तिला खूण केली: सांगा.

"तुम्ही स्वतः मोजलीत?" बाईंचा आवाज घोगरा होता, सकाळपासून बोलून बोलून बसलेला.

"हो."

"मग एवढंच सांगा. आजार आहे का? तुमचे साहेब म्हणाले, बहुतेक आजार आहे, अहवालात तसंच येईल. तसं आलं ना, तर उद्या सरकारी माणसं येतील आणि माझा आहे तो सगळा कळप मारून पुरतील. यंत्रातली अंडीसुद्धा. मी कुरकुर करणार नाही, आजार असेल तर पुरायलाच हवा. पण मी बातमी कळल्यापासून एकेका कोंबडीचं तोंड उघडून बघतेय हो. मला काही दिसत नाहीये. माझं चुकलं असेल. तुम्हाला काय दिसलं?"

साहेबांनी कपातला शेवटचा घोट घेतला आणि कप टेबलावर ठेवला. तळाशी बिस्किटाचा चिखल होता.

"आजार नाही," मास्तरीण म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. आम्ही गुदमरवली. एकाला एक चिकटवून रचली, वरून ताडपत्री टाकली. मधली सगळी गेली, कोपऱ्यातली जगली. आकडे आहेत माझ्याकडे, खोक्यागणिक. मी तुम्हाला नक्कल पाठवते."

बाई म्हणाल्या, "खोक्यांवर भोकं होती की."

"होती."

"मग दिसलं नाही कुणाला?"

"दिसलं," मास्तरीण म्हणाली. "सगळ्यांना दिसलं. दिसलेलं लिहायचं नाही असा नियम होता. तो मी केला होता."

फोन ठेवला तेव्हा साहेबांचा चेहरा, नासका घास तोंडात आल्यावर होतो तसा झाला होता. "झालं समाधान? आता कारणाच्या रकान्यात काय घालणार आहात? वडिलांचं नाव?"

तिने उभ्या उभ्याच, टेबलावर कागद ठेवून लिहिलं. घट हा छापील शब्द खोडला आणि वर लिहिलं: मेलेली पिल्लं, तीन हजार एकशे अठरा. कारण: जिवंत की निर्जीव, हा प्रश्न वर्गीकरणाच्या तक्त्यात नाही. हमालांनी आणि मुकादमांनी तक्त्याप्रमाणे काम केलं. तक्ता करणारी: खाली सही करणारी. मग तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, जे गोदामात मावशी आणि बाबा सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "व्याख्या तुमची, तक्ता तुमचा, पण छापला कंपनीने. म्हणजे तुम्ही मलाही यात ओढलंत."

"तुम्ही वाचून छापला होतात, साहेब."

"उद्यापासून येऊ नका."

"आज संध्याकाळपर्यंत आहे ना? ती पुरायची राहिलीत."

साहेब आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

गोदामामागच्या मोकळ्या जागेत हमालांनी खड्डा खणला होता, कमरेएवढा. चुन्याची दोन पोती शेजारी. पिल्लं रिकाम्या गोण्यांत भरली होती आणि गोण्यांतून पाणी ठिबकत होतं. उरलेली खोकी बाबांनी सावलीत मांडली होती. दोन खोक्यांत आपला पंजा आडवा घालून, अंतर बघून, मग पुढचं. एकेक करत पूर्ण अंगण भरलं. एकतीस वर्षांत त्यांनी इतकं विस्कटलेलं काही मांडलं नसेल. एक हमाल म्हणाला, "मुकादम, आता मिशीचं काय?" आणि आपलं बोलणं आपल्यालाच न रुचून खाली बघत निघून गेला.

मास्तरणीने गोणी पाठीवर घेतली. बाबा म्हणाले, "ठेव ती, तुला सवय नाही." तिने ऐकलं नाही. गोणीतलं पाणी कॉलरमधून आत, पाठीच्या कण्यावरून खाली उतरलं. कोमटच होतं अजून. ती खड्ड्याकडे चालत राहिली.

वाचनालयातल्या कोशात एक ओळ होती, ती तिने पुस्तिकेतून वगळली होती. गुराढोरांवर जगणाऱ्या कित्येक लोकांत माल म्हणजेच जनावरं: गाई, मेंढ्या, उंट. संपत्ती म्हटली की त्यांच्या डोळ्यांपुढे आधी तेच येतं. ओळ तिने वाचली होती, उतरवूनही घेतली होती. मग 'अवांतर' असा शेरा मारून काट मारली, कारण त्या ओळीने व्याख्येचा शेवट बिघडत होता. स्वतःहून न हलणारं, हे वाक्य तिला फार आवडलं होतं.

खड्ड्याच्या कडेला तिने गोणी उलटी केली. खाली काही पडलं नाही, सगळं आतच चिकटलं होतं. मग बाबांनी एक टोक धरलं, तिने दुसरं, आणि दोघांनी गोणी झटकली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पडलं.

"बाबा, ते पान काढा कपाटावरचं."

"राहू दे," ते म्हणाले. "डिंकाने लावलंय, निघायचं नाही."

"मग दाराला रंग मारा."

त्यांनी मान हलवली, पण हो की नाही ते तिला कळलं नाही. ती दुसऱ्या गोणीसाठी वळली. अशा सात खेपा झाल्या.